मधल्या पाण्यात बंद पडणारं इंजिन

साहेबरावांचं इंजिन काठावर कधीच बंद पडलं नाही. काठाला बांधून सुरू केलं की तासभर खुशाल चालायचं, धूर सोडायचं, शेवाळ उडवायचं, आणि बघणाऱ्याला वाटावं की एवढं गुणी इंजिन अख्ख्या पुणे जिल्ह्यात नसेल. बंद पडायचं ते नेमकं मधल्या पाण्यात. इंदापूरचा काठ मागं राहिलेला, करमाळ्याचा दिसतोय पण हाकेच्या पलीकडं, आणि तराफ्यावर पंधरा माणसं, दोन सायकली, एखादी शेळी. अशा जागी ते दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. मग सगळी माणसं एकदम साहेबरावांकडं बघायची, शेळीसुद्धा.

तराफा त्यांचा स्वतःच्या हातचा होता. आठ लोखंडी पिंपं दोन रांगांत, वर अँगलची चौकट, चौकटीवर फळ्या, कडेनं पाइपाचा कठडा. मागं लटकवलेलं आठ घोड्यांचं पेट्रोल इंजिन रत्नागिरीकडच्या एका मच्छीमाराकडून जुनं आणलेलं. इंजिनाशेजारी फळीवर पेट्रोलची तांबडी टाकी, टाकीतून इंजिनाला गेलेली रबरी नळी आणि नळीच्या मध्यावर लिंबाएवढा रबरी फुगा. तो फुगा चार वेळा दाबला की पेट्रोल वर चढायचं, मग दोरी ओढायची. ग्रामपंचायतीनं फेरीचा ठेका त्यांना दिला त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी भीमाकाठच्या मळ्यांतली तेलाची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. साहेबरावांनी हात लावला आणि इंजिन चालू झालं नाही, असं सांगणारा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. आता एक एक करत भरपूर निघाले होते.

धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा भावकी पांगली. साहेबराव पाण्याच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिले. पोरगा बुद्धघोष शिकून पुण्यात बँकेत लागला, त्याला मुलगी झाली, आणि साहेबरावांची बायको रंगुबाई सुनेच्या बाळंतपणाला म्हणून चाळीस दिवसांसाठी पुण्याला गेल्या. त्याला पाच वर्षं झाली. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. आधी नात लहान होती, मग सुनेची नोकरी होती, मग नातवाचा जन्म झाला. जयंतीला रंगुबाई यायच्या, चार दिवस घर झाडायच्या, डबे घासायच्या आणि परत जायच्या. बुद्धघोषाचं आंतर्देशीय पत्र महिन्याला यायचं. त्यात शेवटची ओळ ठरलेली असायची, की तात्या, आता ते इंजिन विका आणि इकडे या.

साहेबराव एकदा जाऊन आले होते. तिसऱ्या मजल्यावर एकोणीस दिवस काढले. सगळी चांगली वागली. फक्त तिथं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं आणि त्यांच्याकडं कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. इथं निदान काठावरून कुणीतरी ओरडायचं, "सायेबराव, थांबा, आलो!" दिवसातून दहा वेळा आपलं नाव कानावर पडतं, एवढ्यावर माणूस तग धरू शकतो. तराफा गेला तर तेही जाणार होतं, आणि मग पुण्याला जाऊन खाटेच्या काठावर बसणं टाळायला कुठली सबब उरणार नव्हती. म्हणून इंजिनाचा दोष सापडणं हा त्यांच्या दृष्टीनं जगण्यामरण्याचा प्रश्न झाला होता. लोकांना वाटायचं, म्हातारा पेट्रोलमध्ये भेसळ करतो.

शहाण्णव साली दिवाळीनंतर हे सुरू झालं. डिसेंबर लागला तसे सरपंच दत्तोबा काठावर आले. माणूस सरळ होता, उगाच गुरगुरणारा नव्हता.

"तात्या, राग मानू नका," दत्तोबा म्हणाले. "पण मास्तर लोकांचा अर्ज आलाय. शाळा अकराला भरती आन् हे साडेअकराला पोचत्यात. डिझेलच्या लाँचवाला एक जण ठेका मागतोय. रविवारी बाजाराच्या दिशी पयल्या फेरीला मी सोता येतो. चाललं तर चाललं. मधी बंद पडलं तर मंगळवारच्या बैठकीत मला त्याचं नाव घालावं लागंल."

"न्हाय पडायचं," साहेबराव म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

तोवर त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? पेट्रोल धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलं. पाणी शिरलं असेल म्हणून टाकी उन्हात उपडी वाळवली. नळी बदलली, फुगा बदलला, जाळी घासली, प्लग तीनदा साफ केला. पंपाचा पातळ पडदा काढून उजेडाला धरून भोक आहे का पाहिलं. आणि दर वेळी पहाटे एकट्यानं तराफा काढून, वर वाळूची पोती टाकून, पाणी ओलांडून परत आले. एकदासुद्धा बंद पडलं नाही. पोती घेऊन चालणारं इंजिन माणसं बसली की रुसायचं. मधल्या पाण्यात थांबलं की फुगा आत ओढला जाऊन चिपाडासारखा चपटा झालेला दिसायचा. साहेबराव घाईनं टाकीचं झाकण उघडून आत बघायचे, तर पेट्रोल हिंदकळत असायचं. झाकण लावायचं, फुगा दाबायचा, दोरी ओढायची, की चालू. ह्या सगळ्यात दहा मिनिटं जायची आणि लोकांची तोंडं वाकडी व्हायची.

एकाच माणसाचं तोंड वाकडं व्हायचं नाही. त्या तानूबाई. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, मूळच्या सणसरच्या. नवरा गेल्यावर दीर-जावांत निभेना म्हणून ह्या काठाला बहिणीच्या दारात एक खोली घेऊन राहिल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांना पैलतीरावरच्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. पंप मारायचे चार मोठे स्टो आणि साठ पोरांचं जेवण. रोज पहिल्या फेरीला जायच्या आणि शेवटच्या फेरीला परत यायच्या. पुढं पाणी उडतं म्हणून त्यांची जागा मागं, टाकीला लागून. इंजिन चालू असताना त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळं येता-जाता त्या कधी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या इंजिन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा.

बाकीचे घड्याळं बघत होते, कुणी शिव्या मोजत होतं. साहेबराव घामाघूम होऊन दोरी ओढत होते. तानूबाई म्हणाल्या, "सावकाश करा. पाणी कुटं पळून जातंय?" आणि थोड्या वेळानं, "सकाळचं काय खाल्लंय का न्हाय?"

साहेबरावांनी नाही म्हणून मान हलवली. तानूबाईंनी फडक्यातली अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी काढली आणि हातात दिली. वरून टाकली नाही, हातात दिली. साहेबरावांच्या लहानपणी सणसरच्या बायका पाणीसुद्धा वरून ओतायच्या. तो काळ मागं पडला, धम्म घेतला, पोरगा बँकेत गेला, तरी हाताला त्या गोष्टी समजतात. त्यांनी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि मगच परत दोरी धरली.

मग ते रोजचंच झालं. इंजिन थांबायचं, सगळीकडं एकदम शांत व्हायचं, लांबवर रोहित पक्षी चिखलात चोची घालून उभे असायचे, आणि तानूबाई काहीतरी विचारायच्या. रात्री थंडी वाजते का. सून काय करते. रंगुबाईंना इकडचं पाणी मानवत नाही का. साहेबराव हात काळे करत उत्तरं द्यायचे. पाच वर्षांत त्यांनी एवढी उत्तरं दिली नव्हती. खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांचा त्यांना राग येईनासा झाला होता, आणि ह्याची त्यांना लाज वाटायची. अब्रूचं खोबरं होतंय आणि आपण भाकरीची वाट बघतोय, हे काही माणसाला शोभत नाही.

शुक्रवारी दुपारच्या फेऱ्या बंद ठेवून त्यांनी कार्ब्युरेटर उतरवला, टॉवेलात गुंडाळला आणि एस.टी.नं बारामतीला गेले. स्टँडमागं यशराजचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. पोरगा पणदऱ्याचा, तिशीच्या आतला, पण हाताला गुण होता. त्यानं कार्ब्युरेटर उघडला, जेटमधून फुंकर मारली, उजेडाला धरला आणि परत जोडून दिला.

"आबा, आरशासारका साफ हाय. दोष ह्यात न्हाय," तो म्हणाला. "बंद पडल्यावर तुमी पयलं काय करता?"

"टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघतो."

"आन् लगीच चालू हुतं?"

"व्हय."

"मग टाकीत हवा जाईना झालीया. झाकणावर हवेचा बारका स्क्रू असंल. त्यो बंद ऱ्हायला की इंजिन पेट्रोल वढतं, पर वरनं हवा शिरत न्हाय. धा मिन्टं चालतं आन् गुदमरतं. तुमी झाकण उघडलं की हवा जाती, चालू हुतं."

साहेबराव दुखावले. चाळीस वर्षं इंजिनात घातलेल्या माणसाला कालचं पोर हवेचा स्क्रू शिकवत होतं. "त्यो मी रोज सकाळी पयल्यांदा सोडतो," ते म्हणाले. "रातीला पेट्रोल उडू नये म्हणून बंद करतो, सकाळी सोडतो. कधी चुकलो न्हाय."

"रातीला बंद करायला जाता तवा त्यो उघडाच असतो का?"

साहेबराव कार्ब्युरेटर टॉवेलात गुंडाळू लागले. कित्येकदा संध्याकाळी तो स्क्रू बंदच सापडायचा. त्यांना वाटायचं, आपणच बंद केला असेल आणि विसरलो असू. एकट्या माणसाला आपण काय केलं आणि काय नाही हे सांगणारं कुणी नसतं, त्यामुळं असल्या शंका तो आपल्याच नावावर घालतो.

"रविवारी झाकणावरची नजर हलवू नका," यशराज म्हणाला. त्यानं पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

रविवारी सकाळी धुकं होतं. पलीकडच्या लोकांना इंदापूरच्या बाजाराला आणायचं म्हणून पहिली फेरी लवकर निघायची होती. दत्तोबा मफलर गुंडाळून पुढं उभे राहिले, अर्ज करणारे दोघे मास्तर सुट्टी असूनही खात्री करायला त्यांच्या शेजारी, बाकी दहा-बारा माणसं. तानूबाई आपल्या जागी, टाकीपाशी. साहेबरावांनी सगळ्यांदेखत हवेचा स्क्रू सैल केला, बोटानं फिरवून पाहिला, फुगा चार वेळा दाबला, दोरी ओढली. इंजिन एका दमात चालू झालं.

काठ सुटला, आणि तानूबाईंनी पदर सारखा केला, नाकाशी धरला, आणि पुढं कुठंतरी बघत उजवा हात खाली नेऊन तो स्क्रू चिमटीत धरला. तीन वेढे. गच्च. हात परत मांडीवर.

साहेबराव बघतच राहिले. त्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. तीस वर्षं स्टो पेटवणारा हात होता तो. कुणी पंप दाबतोय, रॉकेलसारखा वास येतोय आणि वरची चावी ढिली आहे, तर ती आवळायची. नाहीतर स्टो भडकतो. चुलीपुढची कुठलीही बाई हेच करील. तानूबाई दिवाळीपासून रोज सकाळी हे करत होत्या आणि आपण काही केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना सुट्टी असेल त्या दिवशी इंजिन दिवसभर लोण्यासारखं चालायचं, हेही साहेबरावांना आता आठवलं.

त्यांनी वाकून स्क्रू सैल केला. तानूबाईंनी चमकून पाहिलं, काहीतरी बोलल्या, ते आवाजात विरलं, आणि स्क्रू परत आवळला. साहेबरावांनी परत सोडला. तानूबाईंनी हातानं भडका उडाल्याची खूण केली आणि परत आवळायला हात नेला. तेव्हा साहेबरावांनी स्क्रू सोडून झाकणावर सरळ आपला पंजा ठेवला आणि तसाच ठेवला. एक हात सुकाणूवर, एक झाकणावर, कंबर वाकडी. तानूबाईंची बोटं त्यांच्या पंजाला लागली आणि विस्तवाला लागावीत तशी मागं गेली. पैलतीरापर्यंत त्या दुसरीकडं बघत राहिल्या.

मधलं पाणी आलं आणि गेलं. इंजिन एकदाही खोकलं नाही. तराफा पलीकडच्या मुरुमाला लागला तेव्हा दत्तोबांनी टाळी दिली.

"जमवलंत तात्या! काय दोष हुता वो?"

कचरा होता, असं म्हणता आलं असतं. जेटमध्ये कचरा होता, काढला, संपलं. साहेबरावांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण तेवढ्यात एक मास्तर हसून म्हणाले, "आवं इंजिन बी म्हातारं आन् डायवर बी. किती दीस चालंल कुणाला दखल!"

महिनाभर गिळलेलं सगळं साहेबरावांच्या डोक्यात चढलं. "इंजिनात दोष कवाच नव्हता," ते मोठ्यानं म्हणाले, इंजिन बंद केलेलं असूनही ते चालू असल्यासारखं मोठ्यानं. "माज्या कामात बी नव्हता. हितं बसून ह्या तानूबाई रोज हवेची चावी आवळत हुत्या! स्टो समजून! मी हेरलं आज!" आणि त्यांनी तीन वेढ्यांची नक्कल करून दाखवली, नाकाला पदर लावण्यासकट.

माणसं खदखदून हसली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजी म्हैनाभर आमच्या लेट मार्कावर बाई भाकऱ्या भाजत हुत्या म्हना की!" सरपंच हसले, उतरणारे हसले, बाजाराला निघालेले चढणारे कारण न कळताच हसले. साहेबरावांना कित्येक वर्षांत कुणी एवढी दाद दिली नव्हती. ते सगळ्यांत जास्त हसत होते.

तानूबाईही हसल्या. पदर तोंडाला लावून थोडंसं. मग म्हणाल्या, "मला काय ठावं वो. मला वाटलं, तुमी गडबडीत इसरता. पेटलंबिटलं तर तुमीच जवळ आसता." आणि पिशवी उचलून वसतिगृहाच्या चढाला लागल्या. चढ संपेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. साहेबरावांचं हसू तिथंच उतरलं, पण तोवर बाजाराची माणसं चढून बसली होती आणि दोरी ओढायची होती.

संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला त्या काठावर नव्हत्या. साहेबराव अंधारून येईपर्यंत थांबले. सोमवारी सकाळी ह्या काठालाही नव्हत्या. मंगळवारी ठेका साहेबरावांच्याच नावावर राहिल्याचं दत्तोबांनी कळवलं. बुधवारी बहिणीनं तानूबाईंची वळकटी आणि ट्रंक तराफ्यावर आणून ठेवली. "ती तिकडंच ऱ्हाणार हाय," बहीण म्हणाली. "वसतिगृहातच खोली दिलीया. बाजारात पोरं 'स्टोबाई' म्हणून हाका मारायल्यात. तिला न्हाय सोसत."

ट्रंक साहेबरावांनीच पलीकडं नेली. उतरवून घ्यायला वसतिगृहाचा गडी आला होता.

इंजिन त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. मास्तर वेळेवर पोचू लागले. फेऱ्या भरून जाऊ लागल्या आणि लाँचवाल्याचं नाव कुणी काढेना. वीस मिनिटं सलग ते यंत्र कानात ओरडत राही आणि त्या वीस मिनिटांत कुणी कुणाशी बोलू शकत नसे. उतरल्यावर तर लोकांना घाईच असते. साहेबरावांच्या ध्यानात आलं, की काठावरून आपलं नाव घेऊन ओरडणारी माणसं फक्त थांबा एवढंच सांगत असतात. हे आधी का ध्यानात आलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी बुद्धघोषाला पत्र लिहिलं, ठेका टिकला, इंजिन उत्तम आहे, काळजी नसावी. त्याचं उत्तर आलं, अभिनंदन तात्या. त्या पत्रात पहिल्यांदाच ती 'इकडे या'ची शेवटची ओळ नव्हती.

जानेवारीत एका दुपारी पलीकडच्या काठाला दोन तासांची मोकळीक होती. साहेबरावांनी इंजिन बंद केलं, हात राखेनं घासून धुतले, टोपी सरळ केली आणि चढ चढून वसतिगृहाच्या फाटकाशी गेले. वाटेत त्यांनी जे बोलायचं ते पाठ केलं होतं. मी हसायला नको हुतं, एवढंच. चार शब्द. आतून स्टोंचा घरघराट ऐकू येत होता, चारही पेटलेले असावेत.

फाटकावर म्हस्कू नावाचा पहारेकरी बिडी ओढत बसला होता. "कोण पायजे?" त्यानं विचारलं.

साहेबरावांनी तोंड उघडलं. परका गडी दुपारच्या वेळी एका विधवा बाईचं नाव घेऊन फाटकाशी उभा आहे, हे म्हस्कूच्या डोळ्यांतून त्यांना दिसलं. उद्या तेही तराफ्यावर येणार, आणि त्यावरही मास्तर हसणार. आधीच एकदा त्यांनी तानूबाईंना लोकांपुढं टाकलं होतं.

"कुणी न्हाय," ते म्हणाले. "पाणी प्यायला आलतो."

म्हस्कूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या पाठीमागं, चढाखाली पसरलेल्या त्या एवढ्या मोठ्या पाण्याकडं पाहिलं. "आवं, एवढ्या पाण्यातनं आला," तो म्हणाला, "आन् पाणी प्यायला?"

तो उठला, माठातून तांब्या भरून आणला. साहेबराव उभ्या उभ्या सगळा तांब्या प्याले. आत कुणीतरी स्टोची चावी सोडली असावी, एक घरघराट सुस्कारा टाकून थांबला, मग दुसरा. त्यांनी तांब्या परत दिला, आणखी हवंय का म्हणून म्हस्कूनं विचारलं, तर हो म्हणाले आणि दुसराही प्याले. मग चढ उतरून खाली आले. चारच्या फेरीची माणसं येऊन बसली होती.